नमुन्यात सापडलेला पुरुष

ड्रिलमास्तरांनी उभी हयात पोरांना एकच गोष्ट शिकवली: छाती पुढे. पोरं शाळेत असेपर्यंत ती पुढे काढत. नंतर ती कचेऱ्यांमधून चिकटली आणि छाती मागे, पोट पुढे अशी त्यांची स्थिती झाली, पण त्याला मास्तर जबाबदार नव्हते. त्यांची स्वतःची छाती निवृत्तीनंतरही त्यांच्या आधी दारातून आत शिरत असे. त्याच छातीच्या डाव्या बाजूला, बोंडाच्या मागे, वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली, तेव्हा मास्तरांचं पहिलं मत असं झालं की हा व्यायामाचा परिणाम आहे आणि लवकरच उजवीकडेही येईल. बेशिस्त त्यांना शरीराकडूनही अपेक्षित नव्हती. ते महिनाभर उजवी बाजू चाचपत राहिले.

"काय शोधताय रोज?" बायकोने एकदा विचारलं. तिला आळीत सगळे मास्तरीणबाई म्हणत, पण ती शाळेत कधी शिकवायला गेली नव्हती. ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं जोडून देण्यात गेल्यामुळे कुठलं बोलणं मध्येच तुटतंय हे तिला बरोबर कळायचं.

"काही नाही. दुसरी आली की सांगतो."

"दुसरी? पहिली कुठली?"

दुसऱ्या दिवशी मास्तर रुग्णालयात होते.

तपासण्या झाल्या. सर्जनबाईंनी कागद बघून शांतपणे सांगितलं, "स्तनाचा कर्करोग आहे." मास्तरांनी आधी मागे वळून पाहिलं. मग म्हणाले, "त्या बाहेर बसल्यात. बोलावू का?"

"बोलवा ना. पण गाठ तुमचीच आहे."

पुरुषांनाही हा आजार होतो, शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो, हे ऐकून मास्तर जरासे सावरले. शंभरात एक यायची वेळ त्यांच्यावर शाळेत कधी आली नव्हती.

त्यापुढचं सगळं त्या विभागाच्या रिवाजाप्रमाणे झालं, आणि तो विभाग पुरुषासाठी बांधलेला नव्हता. भिंती गुलाबी, खुर्च्या गुलाबी, अंगात घालायला दिलेल्या झग्यावर बारीक फुलं. मास्तरांनी तो झगा इस्त्री करून मागितला. परिचारिका प्रश्न विचारताना कागदावरून नजर उचलत नव्हती.

"शेवटची पाळी?"

"सकाळची," मास्तर म्हणाले. "निवृत्त झालो त्या दिवशी."

तिने ते लिहूनही घेतलं.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. गाठ निघाली, डाव्या बाजूला एक आडवी शिवण आली आणि मास्तर चौथ्या दिवसापासून ताठ चालू लागले. तिथेच गोष्ट संपली असती. पण सर्जनबाई म्हणाल्या की गाठीची जनुकीय तपासणी करून घेऊ, म्हणजे पुढचं औषध नेमकं ठरवता येईल. गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवलाय, त्याचे पातळ काप प्रयोगशाळेत जातील, सोबत तुमचं रक्त जाईल, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचतील.

"रक्त कशाला? गाठ काढलीत ना?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"गाठीतल्या पेशींमध्ये अक्षरं बदललेली असतात. ती फक्त गाठीतच बदललीत, की रक्तातही तशीच आहेत, ते बघायचं. फक्त गाठीत असतील तर ती गाठीची भानगड. रक्तातही असतील तर ती जन्मापासूनची. म्हणजे आईवडिलांकडून आलेली, आणि मुलांकडे जाऊ शकणारी."

मास्तरांना हे लगेच समजलं. संचलनात एका पोराचा पाय चुकला तर ते पोरगं चुकलं. सगळ्यांचाच चुकला तर हुकूम देणारा चुकला. आणि समजल्याबरोबर त्यांची झोप उडाली, कारण त्यांना एकच मुलगी होती आणि तिला एक मुलगी होती.

मुलगी जनावरांची डॉक्टर. तिने बापाचं नाक घेतलं होतं, बापाचे सपाट पाय घेतले होते, बापाचा आवाज घेतला होता. त्या आवाजाला म्हशीसुद्धा वळत. एवढं सगळं निमूटपणे घेणारी पोरगी हेही घेऊन बसली असेल तर? मास्तरांनी बायकोकडून वचन घेतलं: रिपोर्ट येईपर्यंत तिला या रक्ताच्या गोष्टीतलं अवाक्षर सांगायचं नाही. मुलीचा फोन आला की ते "रिपोर्ट यायचाय, हवा छान आहे" एवढं बोलून फोन बायकोकडे द्यायचे. आपल्याला गोळ्या मिळोत की सुया, त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

तपासणीची नोंद रुग्णालयाच्या खिडकीवर झाली. खिडकीतला कारकून म्हणाला, "साहेब, एक अडचण आहे. ही स्तनाची तपासणी निवडली की कॉम्प्युटर 'स्त्री' हे आपोआप भरतो. 'पुरुष' टाकलं की पुढचं पान उघडत नाही."

"मग?"

"मग काय, रक्ताला काय कळतंय?"

हे वाक्य त्याने मोठ्या आत्मविश्वासाने उच्चारलं आणि शिक्का मारला. नमुन्यांवर नाव नसतंच, गुप्ततेसाठी नुसता आकडा असतो. त्यामुळे मास्तर एक आकडा आणि एक स्त्री एवढे होऊन प्रयोगशाळेकडे रवाना झाले.

काही दिवसांनी उत्तर आलं: "नमुना नाकारला. नमुन्यात पुरुषाचा डीएनए आढळला. पुन्हा पाठवावा."

मास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "आढळणारच."

सर्जनबाई तेव्हा परदेशी गेल्या होत्या. 'रुग्णाशी संवाद' या विषयावर त्यांचं भाषण होतं. त्यांच्या सहायकाने सांगितलं की प्रयोगशाळेने मागितलंय तर पाठवू, भांडण कशाला? पुन्हा काप गेले, पुन्हा रक्त गेलं. पुन्हा पुरुष आढळला. तिसऱ्यांदा गेलं. तिसऱ्यांदा आलेल्या पत्रात पुरुष तर होताच, पण तो "तोच पुरुष" असल्याचंही म्हटलं होतं, आणि याबाबत अंतर्गत चौकशी सुरू असल्याचं कळवलं होतं.

"चला," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मध्ये एवढे लोक असले की लाइन लागत नाही. आपणच जाऊ."

प्रयोगशाळेची इमारत काचेची होती. दारात एक फलक: 'सर्व पुरुषांनी प्रवेशापूर्वी गालाचा नमुना द्यावा. हुकुमावरून, संचालक.' फलकाखाली टेबल, टेबलावर कापूस लावलेल्या काड्या, आणि टेबलापासून जिन्यापर्यंत पुरुषांची एक रांग. पांढरे कोटवाले तंत्रज्ञ, नमुन्यांचे खोके आणणारा, एअरकंडिशनर दुरुस्त करणारा, आणि खोके आणणाऱ्यासोबत सहज आलेला त्याचा मेव्हणा.

रांगेत वातावरण तापलेलं होतं.

"तुझी दाढी बघ आधी. दोन जाळ्या लावल्या तरी बाहेर येते."

"आणि तू शिंकलास ते? मेणाच्या कापावर?"

"मी त्या दिवशी रजेवर होतो!"

"रजेवर असून शिंकतोस, हेच म्हणतोय."

दरवानाने त्यांना थोडक्यात हकीगत सांगितली. कुणा बाईंच्या गाठीत सारखा एकच पुरुष सापडतोय. संचालकसाहेबांनी पहिल्या वेळी सगळ्यांना दोन-दोन हातमोजे घालायला लावले. दुसऱ्या वेळी पुरुषांना त्या खोलीत बंदीच केली. तिसऱ्या वेळी नमुन्याला फक्त बायकांनी हात लावला, तरी तो आत होताच. आता साहेबांचा संशय एअरकंडिशनरवर होता, म्हणून दुरुस्तीवालाही रांगेत. "महिला तिकडे काउंटरला. पुरुष इकडे."

"पण तो पुरुष मीच..." मास्तर म्हणू लागले.

"प्रत्येक जण म्हणतो, मी नाही. तुम्ही पहिलेच, जे म्हणताय मीच," दरवान कौतुकाने म्हणाला. "बोला, पण रांगेत बोला."

रांग म्हटल्यावर मास्तरांचं काही चालेना. त्यात ही रांग फार वाकडी होती. पुढच्या दोन मिनिटांत त्यांनी ती हाताच्या अंतराने सरळ केली, मेव्हण्याला उंचीप्रमाणे मागे धाडलं, आणि काडी गालात घोळवताना ती कोपरातून नव्हे तर मनगटातून कशी फिरवावी याचं प्रात्यक्षिक दिलं.

तिकडे काउंटरवर मास्तरीणबाईंची लाइन जोडली जात नव्हती.

"ताई, तुमचा नमुना नाकारलाय," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "तुमच्यात पुरुष आलाय."

"माझा नाही, यांचा आहे."

"हो, पण गाठ कुणाची?"

"यांची."

"म्हणजे तुमचीच ना, ताई."

"अगं बाई, नवऱ्याचं सगळं माझं, कबूल. पण गाठ त्याची त्यालाच झाली."

मुलीने पडद्याकडे पाहिलं. "इथे स्त्री आहे."

"ते मलाही दिसतंय. आता मान वळव आणि तिथे काय आहे ते सांग."

मुलीने मान वळवली. मास्तर गालात काडी धरून, मिशा पिंजारून, एअरकंडिशनरवाल्याला 'विश्राम' देत होते. मुलगी क्षणभर गोंधळली, मग तिने पुन्हा पडद्याचा आधार घेतला. "ताई, मी लिहून वर पाठवते. पण साहेब दुपारपर्यंत कुणाला भेटणार नाहीत. त्या पुरुषाचीच मीटिंग चाललीय."

दोघं बाकावर बसली. चहा आला, तो बरा होता. मास्तर मात्र सारखे आतल्या दाराकडे बघत होते.

"अगं, समजा निघालं रक्तात. तर तिला कसं सांगायचं?"

"तुम्ही सांगूच नका. तुम्ही 'हवा छान आहे' एवढं म्हणालात तरी ती घाबरते हल्ली."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही जन्मात कधी हवेबद्दल बोलला नव्हतात."

दुपारी आतलं दार उघडलं आणि संचालक स्वतः बाहेर आले. गालाच्या काड्यांची झटपट जुळवणी झाली होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर वाघ मारल्याचा आनंद होता. त्यांच्यामागे जाड चष्म्याची एक बाई होती. जनुकांची वाचलेली अक्षरं तपासणं हे तिचं काम. तिला तिथे सगळे चष्मेवाली म्हणत, आणि तिथे चष्म्यातून खरोखर बघणारी बहुधा तेवढी एकटीच होती.

"हेच ते!" संचालकांनी मास्तरांकडे बोट दाखवलं. "तंतोतंत जुळलं. या आत."

आतल्या खोलीत चौकशी सुरू झाली.

"आमच्या प्रयोगशाळेत कधीपासून येता?"

"आज पहिल्यांदा."

"मग तिन्ही वेळा नमुन्यात तुमचा डीएनए कसा?"

"रक्त माझंच होतं."

"रक्त बाईंचं होतं."

"गाठही माझीच."

"हे बघा, तुम्ही कुणाला वाचवायचा प्रयत्न करू नका," संचालक मऊ आवाजात म्हणाले. "इथल्या कुठल्या तंत्रज्ञाला ओळखता? आत कोण सोडतं तुम्हाला?"

मास्तरांनी पाठ ताठ केली. "साहेब, शर्ट काढू का?"

"कशाला?"

"शिवण दाखवतो."

संचालकांनी मास्तरीणबाईंकडे पाहिलं. चुकीच्या लग्नात शिरलेल्या माणसाकडे बघावं तसं त्या त्यांच्याकडे बघत होत्या. तेवढ्यात चष्मेवालीने घसा खाकरला.

"सर, एक विचारू? बाई कुठे आहेत?"

"कुठल्या बाई?"

"नमुन्यातल्या. दुधात पाणी मिसळलं तर दूधही दिसायला हवं ना? आपण तिन्ही वेळा पाण्याच्या मागे लागलो. दूध आहे का, ते कुणी बघितलंच नाही."

"का नाही बघितलं?"

"स्त्री लिहिलंय आणि पुरुष दिसला, की मशीन फाइल पहिल्याच दारात अडवतं. आतलं पुढे कुणी उघडत नाही. तुमचाच नियम आहे, सर." ती हातातल्या पडद्यावर बोट सरकवत होती. मग थांबली. तिच्या खांद्यांना बारीक कंप सुटला आणि तिने चष्मा काढून पुसायला घेतला, चेहऱ्यासमोर काहीतरी धरता यावं म्हणून. "नुसतं पाणीच आहे, सर. तिन्ही वेळा. एकटा एकच माणूस आहे सगळीकडे. भेसळ नाहीच. इतका स्वच्छ नमुना आपल्याकडे वर्षात आला नसेल."

खोलीत जी शांतता पसरली तिला शाळेत मास्तर 'सावधान' म्हणत.

"पुरुषांना... हो, होतो," संचालक म्हणाले. "मी स्वतः शिकवलंय ते. दर वर्षी शिकवतो. एक तक्ता आहे माझा." ते खुर्चीत बसले. मग उठून त्यांनी ती खुर्ची मास्तरीणबाईंना दिली. मग दारातून डोकावणाऱ्या तंत्रज्ञांना म्हणाले, "सापडला. चौकशी यशस्वी. जा कामाला." इतिवृत्तातही पुढे तसंच नोंदलं गेलं: 'पुरुषाचा शोध पूर्ण.'

मास्तरांना या सगळ्यात रस नव्हता. ते चष्मेवालीच्या समोर जाऊन उभे राहिले. "बाई, फाइल आता उघडेल?"

"नियमाने रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांकडे जातो," ती म्हणाली आणि संचालकांकडे पाहिलं.

"उघडा, उघडा," संचालक म्हणाले. त्यांनी स्वतःच्या कपात चहा मागवला आणि तो मास्तरांपुढे ठेवला.

चष्मेवालीच्या खोलीत मोठा पडदा होता. त्यावर दोन ओळी वर-खाली धावत होत्या, वरची रक्ताची, खालची गाठीची. चार अक्षरांचाच खेळ, पण कुठे संपेल असं वाटेना. ती गाठीतल्या जागा दाखवू लागली. इथे एक अक्षर बदललंय. इथे एक तुकडा दोनदा आलाय, नक्कल करणाऱ्या पोराने तीच ओळ पुन्हा उतरवावी तसा. इथे अख्खा शब्द गायब. प्रत्येक जागेशी मास्तर श्वास धरत आणि वरच्या ओळीकडे बघत. वर अक्षर जिथल्या तिथे होतं. पुढच्या जागीही होतं.

"आता घराण्यातून जाणारी जी जनुकं आम्ही तपासतो, ती बघू. ती फक्त रक्तात बघायची." तिने एकेक उघडली. मास्तरांनी बायकोचा हात कधी धरला ते त्यांना कळलं नाही. तिला कळलं, कारण पकड ड्रिलमास्तरांची होती.

"नाही," चष्मेवाली म्हणाली.

"काय नाही?"

"काही नाही. आम्ही जेवढं तपासतो त्यात, घराण्यातून आलेलं काही नाही. हे सगळं गाठीतच घडलेलं आहे, आणि ती गाठ आता मेणात बसलीय."

"म्हणजे मुलीला..."

"तुमच्याकडून यातलं काही गेलेलं नाही."

"आणि नातीला?"

"मुलीकडेच गेलं नाही, तर नातीकडे कुठून जाईल?"

"तरी एकदा म्हणा."

"नातीलाही नाही," ती म्हणाली. मग पुढे आणखी बरंच बोलली, औषधाबद्दल, पडद्यावर बोट ठेवून. मास्तर मान हलवत होते. अधूनमधून "वा" म्हणत होते.

रिपोर्ट छापायला घेतला तर कॉम्प्युटर 'पुरुष' स्वीकारेना. संचालकांनी त्यासाठी एक समिती नेमली. तोवर रिपोर्ट मिळाला तो 'श्रीमती' असा. मास्तर म्हणाले, चालेल. आतलं बरोबर असलं म्हणजे झालं. मास्तरीणबाई म्हणाल्या, आपण हा चौकटीत लावू, पाहुण्यांना दाखवायला.

बस थांब्यावर पोचताच मास्तरांनी खिशातून फोन काढला. मुलीने पहिल्याच घंटेला उचलला. मागे कुठलं तरी जनावर हंबरत होतं.

"बाबा? तुम्ही स्वतः फोन केलात? काय झालं?"

"आला रिपोर्ट. तुला काही नाही!"

"मला? मला काय व्हायचं होतं? गाठ तुम्हाला झाली ना?"

मग मास्तरांनी सगळं सांगितलं. रक्ताचं, जन्मापासूनच्या अक्षरांचं, रात्रीच्या जागरणाचं, आईकडून घेतलेल्या वचनाचं. सांगताना त्यांचा आवाज एका ठिकाणी जरा घसरला, तो त्यांनी खोकून सावरला. पलीकडे फक्त जनावर बोलत होतं.

"बाबा," मुलगी शेवटी म्हणाली, "मी कशाची डॉक्टर आहे?"

"जनावरांची."

"आणि आईबापाकडून पिलाकडे काय जातं, हे मला कुणी सांगायला हवं? तुम्ही गाठीचं सांगितलंत त्याच दिवशी माझ्या डोक्यात आलं होतं. मी वाट बघत होते, तुम्ही कधी तोंड उघडता. तर तुमची आपली हवा छान!"

"तू घाबरली नाहीस?"

"घाबरले की! म्हणून तर रोज फोन करत होते. बरं, ते राहू दे. तुमचं काय?"

"माझं काय?"

"रिपोर्ट कुणाचा आहे? तुमचं काय म्हणाल्या त्या? औषध कुठलं? पुढे काय?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. चष्मेवालीने औषधाबद्दल सांगितलेलं सगळं त्यांच्या कानांवरून गेलं होतं.

मास्तरीणबाईंनी फोन हातात घेतला. "गोळी लागू पडेल म्हणाल्या. गाठीत जो बदल सापडलाय ना, त्याच्यासाठीच आहे ती. सर्जनबाई आल्या की सुरू करतील. केस जाणार नाहीत, सुया नाहीत. हे तिथे असून नव्हते."

"आई, फोन त्यांच्याकडे दे."

मास्तरांनी फोन कानाला लावला आणि मुलीने सुरुवात केली. स्वतःचा जीव म्हणजे काय शाळेचं मैदान वाटलं का. माणूस स्वतःचा रिपोर्ट स्वतः ऐकत नाही म्हणजे काय. आईला वचनात बांधायची ही कुठली पद्धत. आवाज थेट बापाचा होता. थांब्यावरचे चार लोक वळून बघू लागले, एकाने नकळत खांदे सरळ केले.

"स्पीकरवर टाका," मास्तरीणबाई कुजबुजल्या. "मलाही ऐकू द्या."

मास्तरांनी स्पीकर लावला. मुलगी आता गोळ्यांच्या वेळांवर आली होती. त्यांची बस समोर येऊन थांबली, दार उघडलं, चालकाने वाट पाहिली. मास्तरांनी हाताच्या इशाऱ्याने त्याला बस पुढे न्यायला सांगितलं.